सोळावं नाव

अर्ज उद्या अकरापर्यंत विद्यापीठात द्यायचाय.
पंधरा नावं लिहून झाली, शिक्का मारून झाला,
सोळाव्या रकान्यात पेन अडकलंय
दीड तासापासून.

चेतराम उईके. बी. ए. भाग एक.
गाव देवलापारच्या पलीकडे, रस्ता संपतो तिथून चालत.
वय अठरा वर्षं दोन महिने. वजन एकावन्न.
(वजन अर्जात विचारत नाहीत. मीच केलं होतं,
जिमखान्यातल्या काट्यावर, जो दोन किलो जास्त दाखवतो.)

चेंडू त्याच्या पायाशी येतो
ओळखीचं कुत्रं यावं तसा.
परवा कस्तुरचंद पार्कवर त्यानं
तिसऱ्या वर्षाचे दोन आडदांड बॅक
एकमेकांवर आदळवले
आणि स्वतः मात्र खाली बघत निघून गेला,
काही हरवलेलं शोधत असल्यासारखा.
पोट्टे ओरडले, सर, याले खेळवा न,
काय पाहून राहिले?

काय पाहून राहिलो.
अश्पाकचा गुडघा पाहून राहिलो.
कामठीचा, असाच पहिल्या वर्षाचा, असाच काडीसारखा,
मीच उतरवला होता त्याला.
चार सामने, सात गोल, पेपरात फोटो.
बापानं तो लॅमिनेट करून दुकानात लावला,
सायकलच्या ट्यूबांच्या वर.
पाचव्या सामन्यात, काटोलच्या मैदानावर,
एक आवाज आला,
वाळलेली पऱ्हाटी मोडल्याचा.
फोटो अजून तिथंच आहे. अश्पाक त्याच्याखाली पंक्चर काढतो,
स्टुलावर. उकिडवं बसता येत नाही त्याला.

तेव्हापासून नियम: पहिलं वर्ष बाकावर.
चुना आखा, पाणी भरा, अंगात मांस येऊ द्या.
नियम बरा असतो. रात्री झोप लागते.

पण नियमाच्याही आधीचं एक आहे,
ते मी पोरांना सांगत नाही.
मलाही बसवलं होतं.
खोब्रागडे, घाई काय आहे, पुढल्या साली तूच, म्हणाले सर.
पुढल्या साली मिलचा भोंगा थांबला, बाबा घरी आले,
मी संत्रा मार्केटात रात्रभर पेट्या मोजायला लागलो.
बी. पी. एड. फार नंतर केलं.
शिट्टी मिळाली. चेंडू नाही.

आज संध्याकाळी चेतरामला बोलावून म्हटलं,
एक वर्ष थांब.
तो गोलपोस्टकडे बघत राहिला बराच वेळ.
मग विचारलं,
सर, टीममध्ये नाव नसलं
तर अंडे नाही भेटत का?

सरावाच्या दिवसांत रोज दोन अंडी, पाव लिटर दूध,
फक्त यादीतल्यांना. कॉलेजचा ठराव आहे, सही माझी.
मेसवाला एकाच टायमाचा डबा देते, म्हणाला,
तक्रार नव्हती त्यात,
कुणी स्कोअर सांगावा तसं.

मांस यावं म्हणून याला थांबवायचं
आणि थांबला म्हणून मांस यायचं नाही.
बावीस वर्षांत कुठल्या शिबिरात
हे शिकवलं नाही कुणी.

साडेअकरा झालेत. शंकरनगरच्या चौकातून
शेवटचा पोहेवाला गाडी ढकलत चाललाय,
तर्रीचा वास खिडकीपर्यंत.
नाव लिहितो.
राखीव असा वेगळा रकाना नाही अर्जात.
उतरवीन की नाही ते
समोरच्या बॅकच्या मांड्या बघून ठरवीन,
माती टाचेनं दाबून ठरवीन.
खरं सांगायचं तर ठरवणार नाहीच.
सत्तराव्या मिनिटाला, शून्य-एक असताना,
बाकाकडे वळेन
आणि तो आधीच लेस बांधत असेल.

अंडेवाल्याच्या वहीत
तीस खोडून बत्तीस केलंय.
आणि हो,
तो काटा दुरुस्तीला टाकायचाय.